यकृताकडे जाणारी शीर

माझ्या आजाराचं इंग्रजी नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही. कोणी विचारलं तर मी सांगते, पोटातल्या शिरेत रक्त गोठलं होतं आणि त्या गोठलेल्या रक्तात जंतू झाले होते. ऐकणारे म्हणतात, "असंही होते का?" होतं. मला झालं होतं. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत राहणाऱ्या, घरी शिवणक्लास चालवणाऱ्या आणि बाळंतपण सोडलं तर दवाखान्याची पायरी न चढलेल्या बाईला झालं. हेच दुखणं होऊन गेलेलं एखादं माणूस तेव्हा माझ्या खाटेशेजारी येऊन बसलं असतं, तर माझी निम्मी भीती गेली असती. तसं कोणी आलं नाही. म्हणून मी हे लिहिते आहे. यातलं डॉक्टरकीचं जे काही असेल ते डॉक्टरांनाच विचारावं. मी फक्त माझ्यावर काय बेतलं आणि घरच्यांनी ते कसं निभावलं, तेवढं सांगते.

*

नव्याण्णव साल होतं. दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. माझे मिस्टर, विजय, समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक होते. सकाळच्या एसटीनं जायचे, दिवस मावळायला घरी. मुलगी प्राची सात महिन्यांची होती, अंगावर पीत होती.

आमचं घर एकाच स्लॅबखाली दोन भागांत होतं. एका भागात आम्ही, दुसऱ्यात माझे भासरे, म्हणजे विजयचे थोरले भाऊ, आणि माझी जाऊ कुसुमताई. त्यांचा मुलगा अनिकेत प्राचीपेक्षा वर्षभरानं मोठा. सासूबाई दोन्हीकडे राहायच्या. बोअर एकच, मोटर एकच. कोणाची टाकी आधी भरायची यावरून माझी आणि कुसुमताईची बोलाचाली झाली ती मी पोटुशी असताना. दोघीही तिखट बोललो आणि दोघीही गप्प झालो. ते गप्प राहणं लांबत गेलं. भाऊ भावाशी बोलायचे, सासूबाई सगळ्यांशी बोलायच्या, आम्ही दोघी मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना आपापली भांडी घासायचो.

दुखणं सुरू झालं ते बेंबीच्या आसपास. मी मुलींना ब्लाउजची कटिंग दाखवत होते. वाटलं, रात्रीचं बेसन बाधलं. संध्याकाळपर्यंत ते खाली उजवीकडे सरकलं आणि उलट्या झाल्या. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. पुढचे दोन-तीन दिवस मी कमरेत वाकूनच चालत होते. मग दुखणं आपोआप कमी झालं. मी सुटकेचा श्वास घेतला आणि राहिलेले ब्लाउज पूर्ण करायला बसले.

ते बरं वाटणं खरं नव्हतं. अपेंडिक्स आतल्या आत फुटलं होतं. पण हे आम्हाला फार उशिरा कळलं.

*

आठवड्याभरानं ताप सुरू झाला. दुपार कलली की थंडी भरायची. दोन गोधड्या आणि वर सतरंजी घातली तरी दात वाजायचे, मग अंग भट्टीसारखं तापायचं, मग घाम फुटून गादी ओली. सकाळी मात्र उठून स्वयंपाक करण्याइतकी ताकद असायची. वर्ध्याकडे त्या दिवसांत थंडीताप म्हटलं की मलेरिया. त्याच्या गोळ्या झाल्या. मग टायफॉइडच्या झाल्या. प्रत्येक औषधानं थोडे दिवस ताप दबायचा आणि पुन्हा वर यायचा. पोटाची गोष्ट तोवर कोणाच्या बोलण्यातही उरली नव्हती, माझ्यासुद्धा. पोट दुखून थांबलं आणि नंतर ताप आला, ही एकच गोष्ट असेल असं कोणाला वाटणार?

मग डोळे पिवळसर दिसू लागले. सासूबाई म्हणाल्या, "हे कावीळ हाय. औषधानं नाई जात, उतरवा लागते." विजयचा या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण आईपुढे त्यांनी मान हलवली. एका म्हाताऱ्यानं चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले, पाणी पिवळं झालं, सासूबाईंचं समाधान झालं. मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की ओसरीवरून रस्त्यापर्यंत चालत येताना मला मध्ये खाली बसावं लागलं होतं.

क्लासमधल्या मुली यायच्या बंद झाल्या. मीच नका येऊ म्हटलं. मशीनवर चादर टाकली.

*

ज्या दिवशी खरं काय ते बाहेर आलं, त्या दिवशी विजय शाळेत होते आणि सासूबाई बाजाराला गेल्या होत्या. दुपारची वेळ. प्राची पाळण्यात रडत होती आणि मला थंडी भरली होती. तशी थंडी आधी कधी भरली नव्हती. माझ्या थरथरण्यानं लोखंडी खाट भिंतीवर आपटत होती. मुलीचा आवाज ऐकू येत होता, पण हात उचलून तिला घेणं जमत नव्हतं. ती रडून रडून कोरडी पडली. तिचा आवाज बसला.

दार उघडंच होतं. कुसुमताई आत आली. माझ्याकडे न बघता तिनं प्राचीला पाळण्यातून काढून खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली. मग जायला वळली आणि थांबली. माझ्याजवळ येऊन तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पोटावर हात ठेवला तर मी कळवळले.

"हे कधीपासून दुखते?"

कितीतरी महिन्यांनी ती माझ्याशी बोलत होती. मी म्हटलं, "दिवाळीपासून. मंधात थांबलं होतं."

"डाक्टरले सांगतलं होतं?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती बाहेर गेली आणि अंगणातून भासऱ्यांना हाक मारली. "अहो, ऑटो आना. मोठ्या दवाखान्यात न्या लागते हिले. विजयभाऊजीची वाट नोका पाहू."

भासरे म्हणाले, "अवो, पन विजयले तरी..."

"त्याईच्या शाळेत फोन करा. पन ऑटो आंदी आना."

ऑटोत माझ्या शेजारी भासरे बसले. कुसुमताई प्राचीला घेऊन फाटकात उभी होती. प्राचीनं तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, एवढं मला दिसलं.

*

मोठ्या दवाखान्यात मला मेडिसिनच्या बायकांच्या वॉर्डात दाखल केलं. पहिले दोन दिवस रक्त काढणं, सलाईन आणि प्रश्न. एक तरुण डॉक्टर होता, त्यानं दुखण्याची हकिगत मला अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला लावली. मी तापापासून सुरुवात केली तर म्हणाला, "त्याच्या आधी काय झालं होतं? महिन्याभरात कधी पोट दुखलं, उलट्या झाल्या?" मी सांगितलं. त्यानं लिहिता लिहिता पेन थांबवला आणि "उजवीकडे?" एवढंच विचारलं.

वाचणाऱ्यांनी माझं एकच ऐकावं. डॉक्टरांना दुखण्याची सुरुवात सांगावी. जे थांबलं, तेही सांगावं.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता आणि थंडी होती. पोटावर गार मलम लावून डॉक्टर ते यंत्र फिरवत होते. बरगड्यांखाली एका जागी ते थांबले. तिथंच राहिले. पडद्यावर लाल-निळे रंग उमटत होते. त्यांनी पुन्हा पुन्हा तिथंच दाबलं, श्वास रोखायला सांगितला, सोडायला सांगितला. मग त्यांनी शेजारच्या मुलीला सांगितलं, "मॅडमना बोलाव." तोवर मी स्वतःला समजावत होते की कावीळच असेल. मॅडमना बोलाव म्हटल्यावर मी समजावणं सोडलं.

मॅडम म्हणजे आमच्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. नंतर वॉर्डात येऊन त्या माझ्या खाटेवर बसल्या. डॉक्टर खाटेवर बसल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. विजय उशाशी उभे होते.

"वंदना, आतड्यांचं रक्त यकृताकडे घेऊन जाणारी एक मोठी शीर असते," त्या म्हणाल्या. "तुझं अपेंडिक्स पिकून फुटलं. तिथले जंतू त्या शिरेत शिरले. शिरेला सूज आली आणि आतलं रक्त गोठलं. ताप त्याचाच आहे. मलेरिया नाही, साधी कावीळही नाही."

विजयनी विचारलं, "ऑपरेशन करा लागते का?"

"आत्ता नाही. आत्ता जंतू मारायची औषधं शिरेतून द्यायची, बरेच आठवडे. आणि गुठळी वाढू नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन. अपेंडिक्सचं नंतर बघू."

"अन् मंग बरं होईन ना?"

मॅडमनी लगेच हो म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "बरी होणारी माणसं मी पाहिली आहेत. न झालेलीही पाहिली आहेत. ही तरुण आहे आणि वेळेत आली आहे. अजून उशीर झाला असता तर मी वेगळं बोलले असते."

मला त्यांचं हे बोलणं आवडलं. त्या वेळी नाही, नंतर. खोटा धीर दिला असता तर पुढच्या वाईट दिवसांत मी त्यांचं काहीच खरं धरलं नसतं.

मी एवढंच विचारलं, "माझी पोरगी अंगावर पेते."

"तिला या वॉर्डात ठेवता येणार नाही, बाळा. इथं जंतूंचीच वस्ती आहे. आणि तुझ्या अंगात आता दूध तरी कितीसं उरलंय?"

ते खरं होतं. तापात दूध आटत चाललं होतं. तरी त्या दिवशी छाती दुखून भरून आली आणि ब्लाउज भिजला. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. विजय बाहेर व्हरांड्यात गेले. आमचं दोघांचं रडून झाल्यावर ते आत आले आणि मला म्हणाले, "आई म्हनते, चमच्यानं गाईचं दूध पेते. तू कायजी नोको करू." मी विश्वास ठेवला.

*

वॉर्डाचा दिवस सकाळी झाडूच्या आवाजानं सुरू व्हायचा. मग थर्मामीटर, मग इंजेक्शनांची गाडी. तिच्या चाकांची कुरकुर दारापाशी आली की सगळ्या बायका आपापले हात बाहेर काढायच्या. जंतूंचं औषध सलाईनमधून जायचं आणि जाताना मनगटापासून कोपरापर्यंत जळायचं. थोड्या दिवसांत हाताच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्या, सुई लावायला जागा मिळेना. केरळकडची एक सिस्टर होती, तिचं मराठी मोडकं होतं पण हात हलका होता. ती गरम पाण्यात फडकं पिळून माझ्या हातावर गुंडाळायची, शीर वर यायची वाट बघायची आणि एकदाच टोचायची. दुसऱ्या सिस्टरची पाळी असली की मी आधीपासूनच डोळे मिटायचे.

रक्त पातळ करणारं इंजेक्शन पोटाच्या कातडीत द्यायचे. त्याचे डाग पडले, निळे, मग हिरवे, मग पिवळे.

शेजारच्या खाटेवर गिरडकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. सगळा वॉर्ड त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. त्यांना दम्याचा त्रास होता. त्यांना भेटायला येणाऱ्या माणसांत हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळे असत, आणि येताना तिथल्या दर्ग्यावरचा प्रसाद आणत. खाला माझ्या उशाशी साखरेचे चार दाणे ठेवायच्या. मी मानत नाही, असं एकदा म्हटलं तर त्या हसल्या. "तू नोको मानू. साखर तं गोड लागते ना?" तोंड औषधानं कडू झालेलं असायचं. मी खाल्ली.

भीती कशी असते, हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. ती सारखी नसते. सकाळी मला भीती वाटायची नाही. दुपारी थंडी भरायची वेळ जवळ आली की वाटायची. मरणाची कमी, त्या थंडीचीच जास्त. आणि सगळ्यांत जास्त भीती मला विजयच्या चेहऱ्याची वाटायची. ते शाळा सुटल्यावर थेट दवाखान्यात यायचे, दारातून आधी माझ्या उशाच्या तक्त्याकडे बघायचे, तापाची रेघ वर आहे की खाली, आणि मग माझ्याकडे. आम्ही एकमेकांवर चिडायचो. तू जेवली नाई, तुमी उशिरा आले, डबा थंडा हाय. एकदा मी वरणाची वाटी ढकलून दिली. त्यांनी फडकं आणून फरशी पुसली. खाला म्हणाल्या, "बेटा, हा मानूस थकून राह्यला." मी म्हटलं, "मीही थकली." त्या म्हणाल्या, "हाव. दोघंही थकले." बाजू न घेणारं माणूस शेजारी असणं किती मोठी गोष्ट आहे, हे मला तिथं कळलं.

*

औषधं लागू पडली. थंडी भरायची थांबली, तापाची रेघ खाली येऊ लागली. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला. घरी कधी सोडता, असं मी मॅडमना विचारूही लागले होते.

आणि एका दुपारी जेवण झाल्यावर पोटात कळ आली. ती आधीसारखी नव्हती. आतून पीळ पडावा तशी, आणि थांबेना. तरुण डॉक्टर धावत आला, मॅडम आल्या, सर्जरीचे डॉक्टर आले. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बोलत होते. मला एवढं समजलं की गुठळी मागे, आतड्याच्या बाजूला वाढली असेल तर आतड्याचं रक्त अडतं आणि आतडं काळं पडतं. तसं झालं तर पोट उघडावंच लागतं, आणि रक्त पातळ केलेलं असल्यामुळे तेही सोपं नाही.

"संध्याकाळपर्यंत बघू," मॅडम विजयना म्हणाल्या. "तयारी ठेवू. तिला पाण्याचा घोटही द्यायचा नाही. घरून कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा."

घरून कोणाला बोलवा, याचा अर्थ मला कळला. मी विजयना म्हटलं, "प्राचीले आना. दुरून दाखवा."

भासऱ्यांच्या स्कूटरवर कुसुमताई प्राचीला घेऊन आली. लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत, पण त्या दिवशी सिस्टरनं व्हरांड्याचं दार उघडलं आणि माझी खाट ओढून दारापाशी लावली. कुसुमताई उंबऱ्याच्या पलीकडे उभी होती. प्राचीचं अंग भरलं होतं. गाल वर आले होते. मी तिला सुकलेली, रडवेली बघायची तयारी केली होती. ती मला बघून हसली नाही, रडलीही नाही. तिनं कुसुमताईच्या मानेत तोंड लपवलं.

"चांगली दिसते," मी म्हटलं. "गाईचं दूध मानवलं तिले."

कुसुमताईनं प्राचीच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाली, "गाईचं नाई पेत थे. चमचा थुकून टाके. दोन दिवस उपाशी राह्यली, पानी बी नाई घेतलं. मंग मी अंगावर लावली. अनिकेत अजून पेतच होता, म्हून दूध होतं माह्याजवळ."

मी प्राचीच्या गालांकडे पाहिलं.

"मीच म्हनलं सगळ्याईले, वंदनाले सांगू नोका. तुले वाईट वाटलं असतं." तिनं प्राचीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "पन आज तुले आत नेतीन का काय, मालूम नाई. म्हनलं, तुह्या मनात राह्यला नाई पायजे का पोरगी उपाशी हाय. ते उपाशी नाई. तू तिकडची कायजी सोड."

मला वाईट वाटलं का? वाटलं. खरं सांगायचं तर आधी वाईटच वाटलं. माझी मुलगी दुसरीच्या अंगावर पिते आणि मला विसरली, असं पोटातल्या कळेच्याही वर काहीतरी टोचलं. ते किती वेळ टोचलं सांगता येत नाही. मग प्राचीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या हनुवटीला दुधाची लाळ लागली होती आणि कुसुमताईनं ती पदरानं पुसली, अगदी सवयीनं. ते पाहून माझ्या अंगातलं आवळून धरलेलं सगळं सैल पडलं. मी म्हटलं, "ताई, तुमी बसा ना. किती वेळ उभ्या राह्यता."

ती उंबऱ्यावरच बसली. अनिकेतला खोकला आहे का, मी विचारलं. हाव, थोडा हाय, ती म्हणाली. प्राची तिच्या मांडीवर झोपली.

संध्याकाळी सर्जरीचे डॉक्टर पुन्हा आले, पोट दाबून पाहिलं, पुन्हा सोनोग्राफी केली. कळ तोवर ओसरू लागली होती. गुठळी वाढलेली नव्हती. आतडं शाबूत होतं. मॅडम म्हणाल्या, "आज नाही नेत तुला." विजय भिंतीला टेकून खाली बसले.

*

घरी आले तेव्हा संत्र्याचा हंगाम संपत आला होता. मी इतकी वाळले होते की बांगड्या कोपरापर्यंत जात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुढे बरेच महिने चालल्या, त्यासाठी रक्त तपासायला जावं लागायचं. विळीवर भाजी चिरायला मनाई होती. मशीनवर बसले आणि सुई बोटाला लागली तर रक्त लवकर थांबत नसे, म्हणून अंगठीसारखं टोपण घालून शिवायला शिकले. उन्हाळ्यात अपेंडिक्स काढलं. ते ऑपरेशन साधं झालं.

प्राची मात्र माझ्याकडे येईना. मी घेतलं की ती हात लांब करून भिंतीपलीकडे जायला बघायची. मी कोणाला दाखवलं नाही, पण मला ते फार लागायचं. कुसुमताईला कळत होतं. ती दुपारचं काम आटोपलं की प्राचीला आणि अनिकेतला घेऊन आमच्याच घरात येऊन बसू लागली. प्राची तिच्या अंगावर प्यायची आणि झोपली की कुसुमताई तिला माझ्या कुशीत सरकवायची आणि स्वतः उठून जायची. उठल्यावर मुलगी माझ्याजवळ असायची. असं करत करत तिला माझी सवय लागली.

मग एक दिवस प्राची वाटीतला वरणभात माझ्या हातून खाऊ लागली आणि कुसुमताईनं तिला अंगावर घेणं थांबवलं. त्या दिवशी ती आमच्याकडे आली नाही. मी तिच्या दारात गेले तर ती तांदूळ निवडत बसली होती, डोळे लाल होते.

"काऊन हो ताई, काय झालं?"

"काई नाई," ती म्हणाली. "दूध भरून येते. बंद व्हाले दोन-चार दिवस लागते. तुले तं मालूम हाय."

मला माहीत होतं. मी तिच्याजवळ बसले आणि सुपातले खडे वेचू लागले.

पाण्याचं भांडण मिटवायला कोणी बसलं नाही. त्यानंतर ते कोणी काढलंच नाही.

*

माझी ती मोठी शीर पुन्हा पूर्ण उघडली नाही. मॅडमनी मला पडद्यावर दाखवलं. तिच्या आजूबाजूला बारीक बारीक शिरा तयार झाल्या होत्या आणि रक्त त्यांतून वाट काढत यकृताकडे जात होतं. "शरीरानं सोय केली," त्या म्हणाल्या, "पण या नाजूक असतात, लक्ष ठेवावं लागेल." म्हणून ठरलेल्या वेळी मी तपासायला जाते, घशातून नळी घालून अन्ननलिका बघतात, ते मला अजिबात आवडत नाही आणि मी जाते. रक्ताची उलटी झाली किंवा शी काळी झाली तर क्षणभरही घरी थांबायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. अजून तशी वेळ आलेली नाही.

प्राची तिसरीत असताना, दोन हजार सात साली, मॅडमचा घरी फोन आला. त्या म्हणाल्या, "वंदना, तुझ्यासारखाच एक पेशंट आहे. तरुण मुलगा आहे, समुद्रपूरकडचा. निदान सांगितल्यापासून बोलत नाही, जेवत नाही. तू येऊन बसशील का थोडा वेळ?"

मी घाबरले. त्या वॉर्डांचा वास मला पुन्हा नको होता. कुसुमताईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी येतो ना संग. तू आत जाजो, मी बाहेर बसतो."

तो मुलगा पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होता. पंचविशीचा असेल. हाताला सलाईन, डोळे छताला. शेजारी स्टुलावर त्याची बायको, तिच्या हातात न उघडलेला डबा. मी माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, "मलेही हेच झालं होतं." त्यानं मान वळवली नाही. मग मी बोलत राहिले. थंडी कशी भरायची, औषध हातात कसं जळायचं, पोटावरचे निळे डाग. डागांचं सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शर्ट वर करून आपले दाखवले.

"हे जाते का?"

"जाते. आधी पिवळे होते, मंग जाते."

त्यानं शर्ट खाली ओढला. "आता तुमाले काई वाटत नाई? म्हंजे भेव?"

मी खोटं बोलू शकले असते. "वाटते," मी म्हटलं. "पोटात थोडंही दुखलं तरी वाटते. मंग पायतो, ताप हाय का, कुठी दुखते. काई नसलं तं कामाले लागतो."

त्यानं मान हलवली. त्याला काय वाटलं मला माहीत नाही. पण तो उठून बसला, आणि बायकोकडे न बघताच म्हणाला, "काय आनलं डब्यात?"

तिनं डबा उघडला. भाकर होती आणि मुगाचं वरण. तो जेवू लागला तसं तिनं हळूच मला विचारलं, "तुमाले लेकरू होतं तवा?"

"सात महिन्याची पोरगी होती."

"माह्यं दहा महिन्याचं हाय. घरी ठेवलं, जावेजवळ." ती डब्याच्या झाकणाकडे बघत होती. "तुमचं कोनं पाह्यलं?"

"माह्या जावेनं," मी म्हटलं. "थे आली हाय. बाहेर बसली हाय, बाकड्यावर."

ती उठली. नवऱ्याच्या पुढ्यात पाण्याचा गिलास ठेवला, पदर सावरला आणि बाहेर गेली. मी खाटेजवळून दारातून पाहत होते. ती कुसुमताईपुढे जाऊन नुसतीच उभी राहिली. कुसुमताईनं तिच्याकडे पाहिलं, पिशवी मांडीवर घेतली आणि बाकड्यावर सरकून तिला जागा करून दिली.